नियमात न बसणारी स्टिक

गोल्फ क्लबात त्यांना सगळे माघारी 'काटा' म्हणत. तराजूचा काटा की पायात रुतणारा, ते ज्याचं त्याने ठरवावं. काम एकच: स्पर्धेच्या सकाळी टेबलामागे बसायचं, प्रत्येकाची स्टिक तपासायची, चेंडू लोखंडी कडीवर ठेवायचा आणि आरपार पडला तर लहान म्हणून बाद करायचा. सत्तावीस वर्षांत त्यांनी कुणाला सूट दिली नाही. त्यांच्याकडे रदबदली करण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान मध्येच नियम क्रमांक सांगत नाही.

पण सभासद गळायला लागले. तेव्हा वयाने निम्म्या असलेल्या सेक्रेटरीने जाहीर केलं की यापुढे रविवारी मैदान हौशी लोकांना खुलं. कसलीही स्टिक आणा, कसलाही चेंडू आणा.

"काका, लोकांना मजा हवीय. चेंडू लांब गेला, सरळ गेला की झालं. तुम्ही फक्त हसून 'या' म्हणायचं."

हसण्याचं कलम पुस्तकात कुठेच नव्हतं, त्यामुळे ते जरा जड गेलं. म्हातारा आता आकाशपाताळ एक करणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण काटा चक्क 'बरं' म्हणाले. त्यांना धाकटा भाऊ आठवला होता.

अकरा वर्षांपूर्वी धाकट्याची नवी स्टिक त्यांनी भर स्पर्धेत, चारचौघांत बाजूला काढली होती. तिचं तोंड नको तेवढं उसळतं होतं, चेंडू नुसता लागला की पळायचा. धाकटा तसाच निघून गेला, महिन्याभरात गावही सोडलं. वहिनी, म्हणजे यांची बायको, वारली तेव्हा आला, सगळ्यांशी बोलला, यांच्याशी नाही. तेव्हापासून घरात दोन खोल्या, एक माणूस आणि एक रेडिओ. त्यातला बोलायचा तो रेडिओच. एकटेपणा त्यांना खात होता, आणि हे ते स्वतःशीही कबूल करत नसत.

आता त्यांनी सरळ विचार केला: भांडण नियमावरून झालं, नियम गेला, म्हणजे भांडण गेलं. माणसांचं इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

पहिल्या रविवारी एक दातांचा डॉक्टर बायकोला घेऊन आला, एक बेकरीवाला स्वतःपेक्षा उंच स्टिक घेऊन आला. चेंडू तळ्यात पडत होते आणि लोक पोट धरून हसत होते. टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. दुपारी काट्यांनी ऑफिसचं दार लोटलं आणि फोन लावला.

"मी बोलतोय. दादा."

मग त्यांनी गुडघे, हवा, मैदानावरचं गवत, सगळं सांगितलं. ताकाला जाऊन भांडं किती लपवणार?

"तुझी ती स्टिक आहे का रे अजून? आता चालते इथे. रविवारी काहीही चालतं. ये ना."

"दादा, तुला वाटतं मी स्टिकसाठी रुसलो?"

"नियम होता रे तो."

"होता. मान्य. दुकानदाराने मला टोपी घातली, तेही मान्य. पण आदल्या दिवशी ती मी घरी आणून आधी तुझ्या हातात दिली होती. तू नखाने दोनदा वाजवलीस, परत दिलीस आणि म्हणालास, 'जेवायला चल.' तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

काटा आयुष्यात खोटं बोलले नव्हते. "हो," ते म्हणाले.

"मग तिथेच का नाही सांगितलंस?"

"घरी मी परीक्षक नव्हतो." हे उत्तर त्यांनी अकरा वर्षं स्वतःला दिलं होतं आणि त्यात त्यांना कधी खोट दिसली नव्हती.

"मग घरी तू माझा कोण होतास?"

उत्तर एका शब्दाचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण त्या संध्याकाळी गप्प राहून जेवायला बसलेल्या माणसाने तो शब्द कुठल्या तोंडाने उच्चारावा, हे त्यांना कळेना.

धाकटा थांबला. रागावलेला माणूस थांबणार नाही इतका वेळ थांबला. मग फोन बंद झाला.