फळीवरचा हिरवा रंग

“चल गो बाय, पूल संपला, आता उतार तुझा.”

मित्रांनो, दौलतचा हा आवाज अजून माझ्या फळ्यांत मुरलेला आहे. मी एक जुनी हातगाडी. लालबागच्या एका चाळीमागे, मोरीच्या भिंतीला टेकून उभी असते.

माझा जन्म ब्याऐंशीच्या गिरणी संपात झाला. माग थांबले, चुली निवल्या. तेव्हा सुभद्रानं आपल्या खोलीचा पोटमाळा काढून दिला आणि बुधाजी सुतारानं त्याच फळ्यांतून मला घडवलं. तिचा नवरा दौलत बावीस वर्षांचा विणकर. तो माझ्यावर भाजी मांडू लागला. मेथीच्या जुड्यासुद्धा तो सुताच्या लडींसारख्या रचायचा. मागून ढकलताना सुभद्रा गुणगुणायची,

माग थांबला गं बाई, चाक थांबू नये
चुलीवरचा तवा माझा उपाशी राहू नये

शेजारच्या मागावरचा गुणाजी दौलतचा जिवाभावाचा. संपात तो कॉटन ग्रीनच्या गोदामावर रात्रीची रखवाली करतो, असं सांगायचा. सकाळी परतताना माझ्या दांड्यावर हात ठेवून विचारायचा, “काय रे दौलत, दुसरी बायको काय म्हणते?”

“पहिलीपेक्षा कमी बोलते.”

आणि सुभद्रा कोथिंबिरीची जुडी उगारायची.

आषाढातली एक सकाळ. सात वाजले होते, दौलत एकटाच मला ढकलत होता. मिलच्या मागच्या गल्लीत एरवी पाळी सुटताना मुंगीला वाट नसे. आता चिटपाखरू नव्हतं. एक हिरवी मोटार झोकांड्या खात आली आणि तिनं आम्हां दोघांना भिंतीशी दाबलं. चालक उतरला. त्याला धड उभं राहता येईना. दारूचा भपकारा माझ्या भाजीवर पसरला. आमच्याकडे पाहून तो पुन्हा मोटारीत बसला आणि निघून गेला. तोंडावर रुमाल बांधलेला एक माणूस धावत आला. त्यानं बेशुद्ध दौलतला टॅक्सीत घालून इस्पितळाच्या दारात पोचवलं आणि नाव न सांगता तो निघून गेला.

दौलतचा उजवा पाय गुडघ्यातून गेला.

सुभद्रा ठाकूरद्वारच्या तात्या वकिलांकडे गेली. दौलतला आठवणाऱ्या अर्ध्या नंबरावरून मोटार सापडली. पण मालक म्हणाला, त्या सकाळी ती दारातून हललीच नव्हती. तात्यांनी चाळीत येऊन मला निरखलं. फळीच्या चिरेत हिरवा रंग रुतला होता.

“सुभद्राबाई, ही गाडी आहे तशी राहू द्या. कोर्टाचा माणूस येऊन पाहील. तोवर बाजारात न्यायची नाही.”

बाजारात नेली नाही. पण खंडेनवमी आली. मिलमधला प्रत्येक हात त्या दिवशी आपला माग पुसून पुजायचा. दौलत कुबडीवर टेकत खाली उतरला.

“यंदा हीच माझं हत्यार. मळलेलं हत्यार कोण पुजतं?”

सुभद्रालाही वावगं वाटलं नाही. पूजा म्हणजे काही बाजार नव्हे. दौलतनं बसल्या जागी मला घासलं, गुणाजीनं लाल रंग दिला. झेंडू चढला, हळदकुंकू लागलं. मित्रांनो, इतकी माया मला कधी मिळाली नव्हती. त्याच मायेनं माझी जीभ कापली.

चार दिवसांनी तात्या आले आणि बघतच राहिले.

“दौलतराव, साक्षीदारालाच रंगवून बसलात?” मग त्यांचा आवाज उतरला. “आता डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा. नाहीतर या दाव्यात जीव नाही.”

सुभद्रा नखानं तो लाल रंग खरवडू लागली. “एवढ्या मोठ्या गल्लीत कुणीच कसं नव्हतं हो?”

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण तिच्या अंगावरचा घाव पुसण्याआधी विचारा, तो कुणाची बाजू सांगतोय. मला तर बोलता येत नव्हतं. ज्यांना येतं, त्यांनी तरी गप्प राहू नये.

गुणाजी तिथंच उभा होता. त्यानं माझ्या दांड्यावर हात ठेवला.

“मी होतो, वहिनी.”

“तू तर गोदामावर असतोस,” दौलत म्हणाला.

“कसलं गोदाम, दौलत. होळीपासनं संप मोडून मिलमध्ये जातोय, मागल्या दारानं. पोरं उपाशी बघवेनात. त्या सकाळी पाळी सुटली आणि मी दारातनंच सगळं बघितलं. तुला टॅक्सीत मीच घातला. पुरा नंबर पाठ आहे मला. सांगितला असता, तर तू विचारलं असतंस, गुणाजी, तू तिथं कसा?”