नव्व्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव

“नऊच तर राह्यल्यात, आत्याबाई. मी देते की वळून. कुणाला कळणारंय?”

“ज्याच्यापुढं जळणारंत, त्याला,” मालनबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

सून सुलेखानं हातातला कापूस खाली ठेवला. लक्ष वातींचा नेम. आपल्याच हातानं पुरा करायचा, असं सासूबाईंनी देवापुढे बोलून ठेवलेलं. गारखेड्याच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवून आल्या की त्या कापूस घेऊन बसत. कीर्तनातसुद्धा कान बुवांकडे आणि हात वातीकडे. नामाचा गजर चढला की बोटंही लगबगीनं चालायची. शंभराच्या जुड्या बांधत लाखाच्या तोंडाशी आल्या, आणि लकव्यानं उजवा हात गेला. आज संध्याकाळी देवळात कीर्तन होतं, त्यानंतर वाती लावायच्या ठरल्या होत्या. पण अर्धवट नेम घेऊन त्याच्यासमोर कशी उभी राहू, म्हणून मालनबाई जायलाच तयार नव्हत्या.

नात तनुजा कॉलेजात गणित शिकत होती. ती जुड्यांजवळ फतकल मारून बसली.

“आजी, नव्व्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव झाल्यात. लई भारी आकडा हाय. मूळ संख्या.”

“म्हंजी?”

“कुणाच्याच वाट्यात बसत नाय. दोघींत वाट, तिघींत वाट, सातजणींत वाट, काहीतरी उरतंच. पाच आकड्यांत याच्यावर मोठी मूळ संख्याच नाय.”

मालनबाईंनी कूस बदलली. “मोठेपणा लई, अन् वाटून घेणं ठाव नाय. तुझ्या थोरल्या आज्यासारखाच की मग.”

सुलेखा तोंडाला पदर लावून हसली. कितीतरी दिवसांनी.

“अन् त्याच्यात एक वात घातली तर?” मालनबाईंनी विचारलं.

तनुजानं मोबाईलवर भागून पाहिलं. “मग दोघींत बसतंय. चौघींत बी. थांब... आठजणींत बी सारखा वाटा होतोय.”

“आठ?”

भजनी मंडळात मालनबाईंसोबतच्या बाया आठच होत्या. रोज समाचाराला यायच्या, आणि मालनबाई झोपेचं सोंग घ्यायच्या.

“एका वातीनं?”

“एकाच.”

मालनबाई उठून बसल्या. “सुलेखा, कापूस दे. वळू नको, नुसता दे.”

डाव्या हातानं त्यांनी उजवा हात उचलला आणि मांडीवर उताणा ठेवला. त्या निपचित तळव्यावर कापूस पसरला. डाव्या बोटांनी वळायला गेल्या तर तळवाच घसरला. सुलेखा धरायला पुढे झाली.

“ऱ्हाऊ दे.”

गुडघा उचलून त्यांनी मनगट अडकवलं. ओठांत विठ्ठल विठ्ठल चाललं होतं. पुन्हा घसरलं, पुन्हा मांडलं. शेवटी वात झाली. मध्ये फुगीर, एका टोकाला चपटी.

“आजी, लाखाला आठ कमीच हायेत अजून.”

“त्या बी माझ्याच हातानं व्हतील. त्याला कुठं घाई हाय? आज या लावू, वाटून.”

दिवेलागणीला मंडळातल्या बाया बोलवायला आल्या, तर मालनबाई डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याशी बसलेल्या. तनुजानं आठ वाटे लावून ठेवले होते. कडूबाईंनी आपल्या वाट्यातली वरची वात उचलून उजेडात धरली.

“अगं बया, ही कुणी वळली? पोरीनं का?”

“मी,” मालनबाई म्हणाल्या. “नवीनच शिकतीय.”