रोहितांचा आरसा

या पृथ्वीतलावर रोहित पक्ष्याइतका, म्हणजे फ्लेमिंगोइतका, थोर प्राणी दुसरा नाही, असं पक्षीमामांचं ठाम मत होतं. बाकीचे प्राणी त्यांनी नीट पाहिलेच नव्हते, हा भाग वेगळा. प्राणिसंग्रहालयात रोहितांच्या तळ्यावर बत्तीस वर्षं नोकरी करूनही सिंहाकडे जायचा रस्ता त्यांना विचारावा लागे.

आज नोकरीचा शेवटचा दिवस, आणि आज पहिल्यांदाच त्यांनी बायकोला तळ्याशी आणलं होतं. तिची माफी मागायची होती. आरशाबद्दल.

तळ्यात रोहित अवघे चौदा. कळप लहान असला की हे पक्षी अंडी घालायचं मनावरच घेत नाहीत. आजूबाजूला गर्दी दिसली तरच त्यांना संसाराचा हुरूप येतो. अकरा वर्षांपूर्वी मामांनी साहेबांकडे मोठा आरसा मागितला, तर साहेबांनी अर्ज मागितला. मग बायको माहेरी गेल्याचं बघून मामांनी तिचाच पुरुषभर उंचीचा आरसा हातगाडीवर घातला आणि काठावर उभा केला. तिच्या आईने दिलेला. चौदाचे अठ्ठावीस दिसू लागले, चिखलाची घरटी उठली, अंडी आली. वाढलेली पिलं दरवर्षी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयांत जात, त्यामुळे तळ्यात पुन्हा चौदाच उरत. घरी आठवडाभर अबोला होता. यंदाची पिलं मोठी झाली की परत आणतो, असं मामा दरवर्षी म्हणत आले, आणि ती खिडकीच्या काचेत बघून केस विंचरत आली.

माफीची वाक्यं त्यांनी पाठ केली होती. पण तोंड उघडलं आणि सवयीने माहितीच बाहेर पडली. हे चोच उलटी धरून पाणी गाळून खातात, एका पायावर झोपतात, गुलाबी रंग खाण्यातून येतो, खाणं बदललं की उडतो.

"मग ती दोघं अशी पांढरी का पडलीत? त्यांना खायला घालत नाही का तुम्ही?"

मामांनी सांगितलं, की त्यांच्या पायाशी ते भुरं पिल्लू आहे ना, त्याला ती भरवतायत. गळ्यातून लालभडक दूध पाझरतं, ते पाजता पाजता अंगाचा रंग उतरतो.

"दोघंही पाजतात?"

"हो, नर आणि मादी, दोघंही."

"दोघंही," ती म्हणाली.

मामांना घरची तीन लेकरं आठवली. त्यांचे ताप, त्यांच्या शाळा. त्या सगळ्या वेळी आपण कुठे होतो, हे आठवायला त्यांना फार डोकं खाजवावं लागलं नाही. इथेच होतो. त्यांनी बायकोकडे पाहिलं. हिचे केस इतके कधी पिकले?

ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "माझं चुकलं. आरशाचंच नाही, सगळंच. आत्ता हातगाडी आणतो, आरसा घरी नेऊ."

तिने तळ्याकडे पाहिलं. अठ्ठावीस माना एकदम वळल्या होत्या.

"राहू दे इथेच," ती म्हणाली. मग पिशवीतून कंगवा काढला. "तुम्ही तेवढे बाजूला सरका. मला दिसत नाहीये."