मागनं ढकलणारी सायकल

सिद्धेश्वराच्या तळ्यात नेऊन बुडवा मला बायांनो, ह्यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर! भिंतींना कान असतील तर भिंतींनीबी ऐकावं. धुळाप्पाची ही गोष्ट खरी हाय, आन् खऱ्याच्या वर मूठभर अजून खरी हाय.

धुळाप्पाचा आख्खा जनम सायकलवर घोंगड्या विकण्यात गेला. मागं कॅरेजवर घोंगड्यांचा ढीग, इतका उंच की लांबनं बघणाऱ्याला वाटावं, घोंगड्याच सायकल चालवत निघाल्यात. आन् ढिगाच्या मागं त्याची बायकू मायाक्का, चालत. सपाटीला ती आपली रमतगमत यायची, पर चढ आला की पदर खोचून दोन्ही हातांनी ढकलायची. मधी ढीग, त्यामुळं ह्याला ती दिसायची न्हाई आन् तिला ह्यो. म्हणून ठरवून टाकलं व्हतं, चढ संपला की ह्यानं वरडायचं, "सोड गं!" तवर ती हात काढायची न्हाई.

एकदा ह्यो सांगायचाच इसरला. बाई ढकलतीय, ढकलतीय. म्होरं लोकं कन्नड बोलाय लागली तवा ह्याच्या ध्यानात आलं, आपुन कर्नाटकात आलो.

"अगं, सोडायचं न्हाई व्हय?"

"तुमी सोड कुटं म्हणला?"

असली ही मायाक्का गेल्या साली दवाखान्यात वारली. भर दुपारी. धुळाप्पा चहा आणाय खाली उतरला व्हता. कप घेऊन वर आला तर सगळं संपलेलं. त्यो रडला न्हाई, का बोंबलला न्हाई. एवढंच म्हणला, "मी सोड म्हणलो न्हवतो की." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं.

तवापास्नं सायकल भिंतीला आन् धुळाप्पा कट्ट्याला. बसून बसून साखर वाढली, पाय सुजले. डॉक्टर म्हणले, रोज सायकल मारा. ह्यो म्हणला, चढाला काय करू? मग त्याची नात रुपाली हट्टाला पेटली आन् त्याला शुक्रवार पेठंतल्या एका दुकानात घेऊन गेली. बॅटरीवरची सायकल बघायला.

दुकानातला प्रदीप लई गोडबोल्या. "आजोबा, रोजच्या फिरण्याला झाली, व्यायामालाबी झाली. पायडल तुमीच मारायचं, सायकल नुसता हातभार लावती. ब्रेक दाबला की हातभार बंद."

"सायकलीला हात कुटनं फुटले रं?"

"बसून तर बघा!"

धुळाप्पा बसला. पयलं पायडल मारलं आन् मागनं रेटा आला. हळूच, पर नेटाचा. ह्यो रेटा त्याच्या पाठीच्या वळखीचा व्हता. त्यानं मागं बघितलं न्हाई. मागं बघून ती दिसती, अशी सवयच न्हवती त्याला.

कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली. त्यानं ब्रेक दाबला. रेटा गेला! म्हातारा मागं न बघताच वरडला, "अगं, म्हणलो का मी? अजून म्हणलो न्हाई की!"

घाईनं पायडल मारलं तर रेटा परत आला. तितंच त्यानं मनाशी गाठ मारली. आता ब्रेकला बोट लावायचं न्हाई. वळसंग गावाच्या अलीकडं जो चढ हाय, जिथं मायाक्का रस्ता करणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारायची, तितवर जायाचं. चढ संपला की तिला तोंडानं सोड म्हणायचं. दवाखान्यात ऱ्हायलेला तेवढा एक शब्द देऊन टाकायचा.

मग काय सांगू बायांनो! ह्यो असा सुटला की न्हाव्याच्या खुर्चीवरला गिऱ्हाईक बघाय वळला आन् अर्धी मिशी गमावून बसला. एक कुत्रं भुंकत पाठी लागलं, मैलभर पळालं, मग रस्त्याच्या कडंला बसून इचार करायला लागलं. कोंबडीनं उडता उडता अंडं घातलं, ते एका बाईनं पदरात झेललं. मागनं स्कुटीवर रुपाली आन् प्रदीप.

"आज्या, थांब! ब्रेक दाब!"

"त्यो सोडून काय बी सांग!"

"सायकल दुकानाची हाय वो आजोबा!"

"सायकल तुझी, ढकलणारी माझी!"

गाव मागं पडलं, ऊन चढलं, आन् आला त्यो चढ. धुळाप्पाला धाप लागली, पर रेटा हाय तो हायच. माथ्यावर पोचला. खणखणीत वरडला, "सोड गं! लई ढकललंस. दमली असशील." आन् ब्रेकवर बोट ठिवलं. रेटा अलगद सुटला. उताराला वारं लागलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी कानापाशी वाळलं.

हितं गप बसले असते तर बरं झालं असतं. पर तुमची तोंडं अशी उजळली की मला म्होरं खोटं बोलवंना. बरं, सांगते. एक गोष्ट माझ्या पदरची हाय. कर्नाटकाची न्हाई, अंड्याचीबी न्हाई. माथ्याची.

माथा आलाच न्हाई. निम्म्या चढावर बॅटरी संपली. रेटा गेला, आन् तोंडातला सोड तोंडातच ऱ्हायला.

धुळाप्पा एक पाय टेकून हुबा व्हता. रुपाली पोचली, घाम पुसत म्हणली, "एवढी आवडली तर घ्यायची का आज्या?"

"नगं बाळा," त्यो म्हणला. "हीबी न इचारता सोडती."