सुती दोऱ्याचं दार

मित्रांनो, माझा गंज पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना तारेचा पिंजरा आहे, खेकडे धरायचा. आता अंगणाच्या भिंतीवर टांगलेला असतो आणि ऊन खातो. तक्रार काही नाही.

मला एका घड्याळजींनी बनवलं. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करायची आणि रविवारी बायकोबरोबर खाडीवर जायचं, हा त्यांचा शिरस्ता. पोटासाठी नव्हे, निव्वळ हौस. माझ्या तारेचं प्रत्येक टोक त्यांनी आत वळवलं, कुणाचं बोट कापू नये म्हणून. पिल्लांना निसटता यावं म्हणून तळाशी बांगडीएवढी भोकं ठेवली. आणि माझं दार बांधलं साध्या सुती दोऱ्याने.

त्यांचा मेहुणा बस चालवायचा. त्याला जगातलं सगळं कळायचं. तो हसला. "भावोजी, तार बांधा की. हा दोरा पाण्यात किती दिवस टिकणार?"

"टिकू नये म्हणूनच बांधलाय. पिंजरा हरवला तर आतल्यांनी काय करायचं?"

"हरवतोय कशाला? मी आहे ना."

वर्षं फार छान गेली. ओहोटीला बाई, म्हणजे घड्याळजींची बायको, दाताळं घेऊन ओल्या वाळूत शिंपल्या उकरायच्या आणि घड्याळजी मला पाण्यात सोडायचे. मला दोरीने एक लाल डबा बांधलेला असे. तो वर तरंगला की मी कुठे आहे ते कळायचं. पोटाखाली अंडी असलेली मादी सापडली की बाई म्हणायच्या, "दोन जिवांची आहे, सोडा तिला." दर शनिवारी संध्याकाळी दाराला नवा दोरा लागायचा. माझं कौतुकही व्हायचं, आणि खरं सांगतो, मी थोडा फुगायचो.

मग एका रविवारी घड्याळजी तापाने घरी राहिले. मेहुण्याने मला ओहोटीच्या पाण्यात सोडलं, पाण्याच्या खोलीएवढीच दोरी ठेवली आणि उरलेली कापून टाकली. "उगाच लांब दोरी गुंतते," तो बहिणीला म्हणाला. बाई शिंपल्यांत गुंतल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. भरती आली, पाणी चढलं आणि लाल डबा बुडाला. प्रवाहाने मला फरफटत खोल पाण्यात नेलं. मेहुणा काठावर "इथंच तर होता" म्हणत फिरत राहिला.

माझ्या पोटात पाच खेकडे होते. त्यातली एक मादी, दोन जिवांची. आमिषाची माशाची डोकी दोन दिवसांत संपली. मित्रांनो, तेव्हा मला माझ्याच मजबुतीची लाज वाटली. ते तारांवर नांग्या आपटायचे आणि माझा जीव त्या दोऱ्यात अडकलेला असायचा. दोरा आधी फुगला, मग त्याचे धागे सुटले, मग तो केसाएवढा उरला. आणि एका सकाळी तुटला.

दार पडलं. पहिली ती मादी निघाली, तिच्यामागे बाकीचे, एकेक करून. माणसं म्हणतात, खेकडे एकमेकांचे पाय ओढतात. माझ्या दारात तरी कुणी कुणाचा पाय ओढला नाही.

पुढे लाटांनी मला काठाकडे ढकललं आणि मी वाळूत रुतलो. एका मोठ्या ओहोटीला बाईंचं दाताळं माझ्यावर खणकन आपटलं. मेहुणा धावत आला, पण आत बघायला धजेना. त्याला वाटलं, आत नुसती कवचं असणार. बाईंनीच वाकून पाहिलं. "अरे, रिकामा आहे. दार उघडंय." तो तिथेच वाळूत बसला.

घरी घड्याळजींनी भिंग लावून दोऱ्याचं उरलेलं टोक पाहिलं. "वेळेवर तुटला," एवढंच म्हणाले. मेहुण्याला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही.

आता नवा पिंजरा आहे. त्याची दोरी लांब आहे. दर शनिवारी मेहुणा माझ्याशेजारी बसून त्याच्या दाराला सुती दोरा बांधतो, आणि गाठ घड्याळजींना दाखवतो. कधीमधी मलाही तेलाचा हात फिरवतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगणारच. पण तुम्ही कधी पिंजरा बनवलात, तर त्याला असं दार ठेवा, जे तुम्ही विसरलात तरी उघडेल.