कापूस भरलेली कणगी

मित्रांनो, मी बांबूच्या पट्ट्यांची कणगी आहे; वयाने जुनी, कामाने अलीकडची. रोह्याजवळच्या एका गावात टोपल्या विणणाऱ्या पुतळीने मला विणले, शेणामातीने लिंपले, आणि हैबतरावांच्या घरात माझ्या पोटात भात नि वाल राहू लागले. पाहुणे माझ्याकडे बघून घराचा अंदाज बांधत. पुढे प्लास्टिकची पिंपे आली आणि मी मागच्या पडवीत गेले. तिथे कोंबड्या माझ्यात अंडी घालत. तेही साठवणेच होते.

मागची पडवी तेवढी ठेवून, मातीचे घर पाडून हैबतरावांच्या मुलाने स्लॅबचे घर बांधले. वडिलांना गाणे ऐकायला त्याने एक खोली दिली. गुळगुळीत फरशी, कोऱ्या भिंती, मोठे स्पीकर. हैबतराव तरुणपणी विठूबुवांच्या भजनाला मृदंग वाजवत. बुवा आता नाहीत. त्यांची एक कॅसेट आहे, तिच्यात मृदंग हैबतरावांचाच. जुन्या घरात ती स्पष्ट ऐकू यायची. नव्या खोलीत लावली, तर नुसता घुमारा.

"शब्दच नाय कळत," हैबतराव म्हणाले. "कान गेले माझे. बेताल वाजवण्यापेक्षा मृदंग मोरूला देऊन टाकतो."

मोरू भजन मंडळातला नवा वादक. रविवारी तो मृदंग न्यायला येणार होता.

सून रोहिणी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने खोलीच्या मधोमध उभे राहून टाळी वाजवली. हात थांबले, तरी आवाज भिंतींमध्ये झणझणत राहिला.

"बाबा, कान नाही, खोली बिघडलीय."

तिने भिंतींवर गोधड्या टांगल्या, सतरंजी अंथरली. झणझण गेली. मृदंगाचा जाड आवाज मात्र कोपऱ्यांत साचून शब्दांवर बसत होता. तेव्हा तिला मी आठवले. तिने माझे लिंपण खरवडले, पोटात जुन्या गाद्यांचा पिंजलेला कापूस भरला आणि मला स्पीकरमागच्या कोपऱ्यात उभे केले. लिंपण निघताना उघडे पडल्यासारखे वाटले. पण आवाज म्हणजे हवेची हालचाल. ती माझ्या फटींतून आत शिरते आणि कापसाच्या तंतूंत थकते.

"गाणं ऐकायला कणगी? उद्या उखळ आणशील गो!" हैबतराव म्हणाले.

"लागलं तर आणीन. तुम्ही कॅसेट लावा."

घुमारा सगळा गेला नाही. पुरेसा गेला. बुवांचा शब्द न् शब्द सुटा झाला. अभंग संपता संपता, टाळांच्या मागून, बुवांचा दबका आवाज आला, "हैबत, पळतोस कुठं? तुझी एसटी सुटतेय काय?"

हैबतरावांना हसता हसता ठसका लागला. "ऐकलंस गो? बुवा मला झापतोय!"

रविवारी मोरू आला, तेव्हा मृदंग हैबतरावांच्या पुढ्यात होता.

"काका, न्यायला आलो."

"काय न्यायला? बस. टाळ घे."

मित्रांनो, माझ्या पोटात आता एक दाणाही नाही, तरी मी भरलेली आहे. तुमच्या घरात कुणी "मला ऐकू येत नाही" म्हणाले, तर त्याला म्हातारा ठरवण्याआधी खोलीत एकदा टाळी वाजवून बघा. आणि मागच्या पडवीतही डोकावा.