चाकांची बाजू वर

काचेवर चिखल, दारांवर चिखल आणि आरशावर वाळत घातलेले पायमोजे, अशा थाटात मी आज एका डोंगरमाथ्यावर उभा आहे. मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. वय विचारू नका. माझ्या बरोबरीचे कित्येक जण कधीच भंगारात गेले. मी मात्र म्हातारपणी डोंगर चढायला शिकलो, आणि ते कसे, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी निळाशार होतो. एका सुताराने मला घेतले आणि पुढची सोळा वर्षे मी फळ्या, पलंग आणि कपाटे वाहिली. काका, म्हणजे आमचे मालक, हाताचे मोठे कसबी. लाकडात खिळा ठोकणे त्यांना कमीपणाचे वाटे. सांध्यात सांधा बसवायचा आणि वरून लाकडाची खुंटी मारायची, ही त्यांची रीत. त्यांचे कपाट उचलायला चार माणसे लागत आणि याचाच त्यांना अभिमान. हलके काम आपण करत नाही, असे ते गिऱ्हाइकाला मिशीवर हात फिरवत ऐकवत. ते वजन वाहतो कोण, हे कोणी विचारत नसे. पण काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, दर रविवारी मला आंघोळ घालत आणि बॉनेटवर थोपटत. तेवढ्यावर माझा आठवडा मजेत जाई.

मग काकांनी काम कमी केले आणि मी त्यांच्या सुतारखान्यामागे उभा राहिलो. चाकांतली हवा गेली. एका मांजरीने माझ्या पाठीवर तीन पिल्ले घातली आणि वर मलाच फिसकारली. तसे वाईट दिवस नव्हते ते, पण रिकामे होते.

काका-काकूंची एकुलती एक लेक वनरक्षक झाली होती. डोंगरमाथ्यावरच्या चौकीत राहायचे आणि कुठे वणवा पेटतो का यावर नजर ठेवायची, असे तिचे काम. ती नोकरीवर निघाली तेव्हा काका म्हणाले होते की चार दिवसांत पळत घरी येईल. त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. ती सुट्टीत यायची, हसतखेळत राहून परत जायची. पण काकूंच्या जिवाला घोर लागलेला: पोरगी तिथे झोपते कशावर, दाराला कडी धड आहे की नाही. ती जागा त्यांना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. चौकीची वाट म्हणजे मधे ओढा आणि पुढे खडबडीत गाडीवाट, पायी गेले तर दोन तासांची चढण. काकूंचे गुडघे असे, की घरचा जिनासुद्धा त्या पायऱ्या मोजत चढत.

एकदा मला हवा भरून आम्ही निघालोही होतो. ओढ्यात उतरताच माझे पोट दगडावर टेकले आणि तिथूनच मागे फिरावे लागले. परतीच्या वाटेवर काकू सारख्या मागे वळून डोंगराकडे पाहत राहिल्या. दगडाच्या खरचटण्यापेक्षा मला तेच जास्त लागले.

दुसऱ्याच दिवशी काकांनी मला गॅरेजवाल्या ताईंकडे नेले. ताई बाह्या सरसावून माझ्याखाली शिरल्या त्या तासाभराने बाहेर आल्या आणि कामाला लागल्या. मागे-पुढे स्प्रिंगचे नवे पाटे घालून त्यांनी मला चार बोटे उंच केले. खोल नक्षीचे जाडजूड टायर चढवले. पोटाखाली पत्रा ठोकला. इंजिनाला हवा ओढायचा पाइप काचेच्या कडेने थेट छपरापर्यंत नेला, म्हणजे पाण्यात शिरलो तरी माझे नाक कोरडे राहावे. मी दुकानाच्या काचेत स्वतःला पाहिले आणि, खोटे कशाला बोलू, स्वतःवरच खूश झालो.

मग काकांची पाळी आली. मुक्कामासाठी म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर अख्खे कपाट बांधले: सात खण, ओढून काढायचा ओटा आणि वर घडीचा पलंग. सगळे दोन बोटे जाडीच्या सागवानाचे, खिळ्याविना. महिनाभर पॉलिश चालले होते. काकूंनी जाड कापडाचा तंबू शिवला आणि त्यात चष्मा ठेवायला आठवणीने खिसा लावला. सगळे चढवले आणि ताईंनी दिलेल्या चार बोटांतली मागची तीन बोटे खाली बसली.

ताईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "काका, पाटे मी वजन पेलायला घातलेत, अख्खा संसार पेलायला नाही."

काकांना ते झोंबले. लाकडातले लाकूडवाल्याला कळते, असे पुटपुटत त्यांनी मला गॅरेजबाहेर काढले.

निघालो त्या सकाळी ऊन कोवळे होते आणि काकू गुणगुणत होत्या. या खेपेला ओढा मी असा पार केला, की पाणी दाराला लागले तरी इंजिनाने हूं की चूं केले नाही. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मी फुशारून पलीकडचा वाळूचा चढ चढू लागलो आणि तिथेच माझे मागचे पाय रुतले. काकांनी जोर दिला तसा मी आणखी खाली गेलो. टायरांतली हवा थोडी कमी करून पाहिली. उपयोग शून्य. पुढची चाके जवळजवळ अधांतरी आणि मागे सागवान डुलत बसलेले.

काका उतरले आणि एका दगडावर बसले. चौकीच्या वाटेकडे त्यांना बघवत नव्हते. पुन्हा इथूनच मागे फिरायचे, या विचाराने मलाही रडू येत होते. मला रडता येत नाही म्हणून बरे.

काकू सावकाश त्यांच्याजवळ गेल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "लेकीला भेटायला जातोय आपण. कपाट दाखवायला नाही."

काकांनी माझ्या पाठीवरच्या सागवानाकडे एकदा पाहिले. मग उठले आणि त्यांनी हातोडी काढली. मित्रांनो, खिळे असते तर दिवस गेला असता. इथे फक्त खुंट्या होत्या. एकेक खुंटी सुटली आणि तासाभरात महिन्याभराचे कपाट वाळूवर फळ्या होऊन पडले. दोन सर्वांत लांब फळ्या घेऊन काका माझ्या चाकांपाशी गुडघ्यांवर बसले. गुळगुळीत बाजूवर टायर घसरला असता, म्हणून त्यांनी पॉलिशची बाजू वाळूत घातली आणि खरखरीत बाजू वर ठेवली. मी एवढ्या वर्षांत इतक्या जपून कधी पाऊल टाकले नव्हते. फळ्या करकरल्या, पण मोडल्या नाहीत. मी एका दमात वर आलो.

बाकीच्या फळ्या झाडाखाली रचून, त्या दोन तेवढ्या बरोबर घेऊन आम्ही चौकी गाठली. आवाज ऐकून लेक धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. काकूंनी आत जाऊन गादी दाबून पाहिली, कडी लावून पाहिली, खिडकीतून पसरलेले सगळे रान पाहिले. मग त्याच गादीवर पाय पसरले आणि घोरू लागल्या.

काका लेकीजवळ उभे राहिले. "चार दिवस म्हणालो होतो मी," ते म्हणाले. "चुकलो."

लेकीने त्यांचा हात धरला.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना वेळेवर तेल द्या, हवा द्या, अधूनमधून आंघोळ घाला. आम्ही अजून पुष्कळ चालतो. फक्त निघण्याआधी एकदा आमच्या पाठीवर नजर टाका आणि ज्याच्यावाचून अडत नाही ते घरी ठेवा. मला हलके होऊन पाहता आले. म्हणून तर हे चौथे वर्ष आम्ही इथे येतोय.

आत आता चहा झालाय. कप ठेवलेत त्या टेबलावर, जे काकांनी त्याच दोन फळ्यांचे इथे बसून केले, खिळ्याविना. तेव्हा लेकीने विचारले होते, "बाबा, पॉलिशची बाजू खाली गेली की. उलटू का?"

"नको," काका म्हणाले होते. "चाकांची बाजू वर राहू दे."